तंबोऱ्याची कादंबरी आणि माझ्या वाचक मैत्रिणी

प्रेमकथेचा शेवट वाचणारीला पहिल्या पानापासून ठाऊक असतो. दोघं एकत्र येणार. तरीही रात्री साडेअकराला, ओटा आवरून, उद्याची कणीक झाकून ठेवून, मोबाइलचा उजेड कमी करून ती वाचत बसते. तिला बघायचं असतं की दोघांना इतका उशीर का लागला. तो उशीर खरा वाटला तर कथा जमली. तो ओढूनताणून आणलेला असेल, कुणीतरी चुकून फोन उचललाच नाही म्हणून सहा महिने अबोला, तर वाचणारी मनातून उतरते आणि पुन्हा येत नाही. प्रेमकथा लिहिणारीचं सगळं कसब या उशिरात पणाला लागतं, असं माझं ठाम मत आहे. हे मत माझ्या वाचकांनी घडवलं. ज्या कादंबरीत ते घडलं तिच्याबद्दल लिहिते.

मी मिरजेत राहते. दिवसा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते आणि रात्री प्रेमकथा लिहिते. मला प्रकाशक नाही. कथा आधी प्रतिलिपी या वाचनाच्या ॲपवर भागाभागाने येते, मग तिचं ई-पुस्तक होतं, आणि जमलं तर छापील पुस्तक. मिरजेची ओळख दोन गोष्टींनी आहे. एक दवाखाने: वॉन्लेस हॉस्पिटल 1894 पासूनचं, आणि आज जंक्शनवर उतरणाऱ्यांत दवाखान्यात निघालेले कितीतरी असतात. दुसरी तंतुवाद्यं. या दोन मिरजा एकमेकींना फारशा भेटत नाहीत. मला त्यांची गाठ घालून द्यायची होती. म्हणून नायिका रुबिना, दवाखान्यात रात्रपाळी करणारी नर्स, आणि नायक समीर, तंबोरे बनवणारा.

नायक कारागीर आहे म्हटल्यावर आमच्या लेखिकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लगेच चर्चा झाली. आम्ही थोड्याच जणी आहोत: नांदेड, जळगाव, नाशिक, एक बहारीनमध्ये. सगळ्या प्रेमकथाच लिहितो. ॲपवर काय चालतं हे प्रत्येकीला पाठ आहे: रागीट बॉस, करोडपती घराणं, कॉन्ट्रॅक्ट मॅरेज, लग्नानंतर जुळणारं प्रेम. नांदेडची मैत्रीण म्हणाली, "अगं, ज्याच्या नखात पॉलिशची लाख अडकलेली असते असा नायक कोण वाचणार?" तिची काळजी खरी होती, ती स्वतः या लिखाणावर मुलीच्या क्लासची फी भरते. मी म्हटलं, वाचणारीच्या घरात करोडपती कुणीच नाही, पण हाताने काम करणारा माणूस प्रत्येकीच्या घरात आहे. त्या हातांकडे ती रोज बघते. त्याच हातांबद्दल कुणी नीट लिहिलं तर ती वाचेल.

मग मी सतारमेकर गल्लीत जायला लागले. लॅब सुटली की तासभर. मिरजेत वाद्यं बनवणारे मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची गरज सरत आली तेव्हा त्यांच्यातल्या फरीदसाहेब या कारागिराच्या पिढीने सतार हाती घेतली आणि पुढे गल्लीच्या गल्ली त्यावर उभी राहिली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हे सगळं वाचून कळतं. वाचून कळत नाही ते मला एका वयस्कर कारागिरांच्या दुकानात बसून कळलं. त्यांना सगळे चाचा म्हणतात, मीही म्हणायला लागले.

तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे कडू भोपळा. तो पंढरपूर, मंगळवेढा, बेगमपूर या भीमाकाठच्या पट्ट्यातून येतो. पूर्ण वाळवून, कापून, आतून कोरून मग त्याला गळा, दांडी आणि तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी, जोडतात. हे सगळं जोखमीचं काम आहेच, पण वाद्याचा आवाज ठरतो तो जवारीत, म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज जुळवण्यात. हाताच्या तळव्यात मावेल एवढी घोडी असते, तारा तिच्यावरून जातात. घोडीचा माथा कानशीने घासून त्याला इतका थोडा उतार देतात की डोळ्याला तो दिसत नाही. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा घालतात. चाचांनी माझ्यासमोर तार छेडली तेव्हा आवाज सपाट होता. त्यांनी नखाने धागा किंचित मागे सरकवला, पुन्हा छेडली, पुन्हा सरकवला. एका जागी धागा आला आणि त्याच तारेतून आवाज उघडला, झणकार भरभरून यायला लागला. थोडा पुढे सरकवला की परत बंद. मी विचारलं, "चाचा, नेमकी जागा कळते कशी?" ते म्हणाले, "कान सांगतो. घाई केली तर नाही सांगत."

माझ्या कादंबरीचा कणा मला तिथे मिळाला. समीर रुबिनाच्या बाबतीत घाई करणार नाही, आणि हे त्याच्या कामातूनच आलेलं असेल, समजूतदारपणाचं भाषण त्याच्या तोंडी द्यावं लागणार नाही. पहिल्या भेटीत ती रात्रपाळी करून, डोळे चोळत दुकानात येते. वडिलांचा जुना तंबोरा दुरुस्तीला द्यायचा असतो. तो धागा सरकवत राहतो, ती भिंतीला टेकून ऐकता ऐकता झोपी जाते, आणि तो तिला उठवत नाही. बाहेर दुकानं बंद व्हायला लागतात तेव्हा समोरच्या चहावाल्याच्या पोराला सांगून तिला हाक मारायला लावतो, स्वतः उंबऱ्यापाशी थांबतो. हा भाग टाकला त्या रात्री कमेंट्सचा पाऊस पडला. "ताई, त्याने उठवलं नाही यातच सगळं आलं." एकीने लिहिलं होतं की लग्नाला इतकी वर्षं झाली, दुपारी डोळा लागला तर आपल्याला कुणी झोपू दिलेलं तिला आठवत नाही. ती कमेंट मी लिहून ठेवली आहे. प्रेमकथांना हलकं समजणाऱ्यांनी अशा कमेंट्स वाचाव्यात. बायकांना या कथांतून नेमकं काय हवं असतं ते त्यात उघड लिहिलेलं असतं.

कथा मध्यावर आली आणि वाचकांशी माझा खरा संवाद तिथे सुरू झाला. समीरच्या घरून मागणी येते आणि रुबिना नाही म्हणते. खाली एकच गर्दी: "पुढचा भाग कधी?", "ताई, असं करू नका ना", "तिचं डोकं ठिकाणावर आहे का?" काहींनी रागाने रेटिंग कमी दिलं. मी दोन्ही बाजूंनी विचार करत होते. तिच्या नकाराला कारण होतं: बहिणीचं शिक्षण तिच्या पगारावर चाललं होतं. पण हे कारण अजून कागदावरच होतं, अंगात भिनलेलं नव्हतं. तेव्हा सोलापूरकडच्या एका वाचकाचा लांबलचक व्हॉइस मेसेज आला. ती स्वतः नर्स. मागे वॉर्डातला आवाज येत होता आणि ती हळू आवाजात सांगत होती: "ताई, नर्सिंग झालेल्या पोरीचा पगार घरात सगळ्यांनी आधीच वाटून घेतलेला असतो. लग्न ठरतंय म्हटलं की घरातलेच गप्प होतात. नाही कुणी म्हणत नाही, पण तारीखही काढत नाहीत. आणि आपल्याला ते कळतं, म्हणून आपणच नाही म्हणून टाकतो. म्हणजे त्यांच्यावर आळ नको."

म्हणजे आपणच नाही म्हणून टाकतो! मी तो मेसेज कितीदा ऐकला असेन. पुढचे भाग त्याच्या आधारावर उभे राहिले. घरात कुणी दुष्ट नाही, कुणी दार अडवत नाही, फक्त जेवणाच्या ताटांवर एक शांतता येते आणि रुबिना ती मोडायला धजत नाही. उशिराला पाया मिळाला. रेटिंग कमी देणाऱ्यांपैकी एकीने नंतर लिहिलं, "आता कळलं. माझ्या नणंदेचं हेच झालं."

इचलकरंजीच्या एका वाचकाने बोलीची बाजू सांभाळली. मिरजेच्या मुसलमान घरांत आत दखनी बोलतात आणि दुकानात, दवाखान्यात मराठी. कोणत्या वाक्यावर कोण कोणती भाषा बोलेल, अम्मी चिडली की काय म्हणेल, नणंद-भावजयीची थट्टा कशी चालेल, हे ती भाग यायच्या आधी वाचून मला सांगायची. त्यासाठी तिने काही मागितलं नाही. पुस्तकात आभाराच्या पानावर तिचं नाव घालू का, असं विचारलं तर म्हणाली, "फक्त गावाचं नाव घाला. घरी मी वाचते हे माहीत नाही."

घरी माहीत नसलेल्या वाचक खूप आहेत. लिहिणाऱ्याही टोपणनावाने लिहितात. आमच्या ग्रुपमध्ये सर्वांत जास्त चर्चा प्रणयदृश्यांवर होते. किती लिहायचं, कुठे थांबायचं, कुणासाठी थांबायचं. या प्रश्नाला मराठीत जुना इतिहास आहे, आणि तो प्रत्येक प्रेमकथालेखिकेला माहीत असावा असं मला वाटतं. 'रंभा' मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची कथा आली आणि अश्लीलतेच्या आरोपावरून खटला उभा राहिला. उच्च न्यायालयात लेखकाला शिक्षा झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1969 मध्ये न्यायालयाने ती कथा अश्लील नाही असं ठरवलं. एका मराठी प्रेमकथेसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने बसून ओळ न् ओळ वाचली! माझी आई सांगते, तिच्या तरुणपणी काकोडकर उशीखाली असायचे आणि शैलजा राजे, सुमती क्षेत्रमाडे, कुसुम अभ्यंकर, शकुंतला गोगटे उघड टेबलावर. मिरजेच्या खरे मंदिर वाचनालयातून आणलेली कादंबरी शेजारच्या तीन घरांत फिरून मग परत जायची. आज ॲपवर जे चालतं ते त्याचंच पुढचं पर्व आहे. वाचणाऱ्या त्याच घरांतल्या लेकीसुना आहेत.

माझं प्रणयदृश्य मी शेवटी हातांवर लिहिलं. लग्नानंतरची रात्र, ती ड्यूटीवरून आलेली, तिच्या हातांना सॅनिटायझरचा वास, त्याच्या हातांना पॉलिशचा. दोघांनाही स्वतःच्या हातांची लाज वाटते. तो विचारतो, ती सांगते. विचारणं हे त्या दृश्यात मला सर्वांत महत्त्वाचं होतं. जळगावच्या मैत्रिणीने ते वाचून फोन केला, काही बोललीच नाही बराच वेळ, मग म्हणाली, "राहू दे, एक शब्द बदलू नकोस."

मालिका संपल्यावर कादंबरीचं काम सुरू झालं. बाहेरच्यांना वाटतं की भाग एकामागे एक चिकटवले की पुस्तक होतं. मालिकेचा भाग हजारएक शब्दांचा, आणि शेवटी वाचणारीला अडकवून ठेवणारा. पुस्तकात दर चार पानांनी असा झटका बसला की दम लागतो. शिवाय मालिकेत आधीच्या भागाची आठवण करून द्यावी लागते, पुस्तकात तीच आठवण अडगळ होते. मी सगळ्या भागांच्या शेवटच्या ओळी वेगळ्या काढल्या आणि एकेक बघत गेले: ही ओळ कथेला हवी आहे, की फक्त पुढच्या बुधवारपर्यंत पुरावी म्हणून होती? बऱ्याच गेल्या. त्यांच्या जागी साधी वाक्यं आली, आणि कथेला श्वास मिळाला.

याच काळात एका चॅनलवर माझी मालिका कुणीतरी आवाज देऊन टाकलेली सापडली. माझं नाव नाही, नायक-नायिकेचे फोटो भलतेच. हे आमच्यापैकी जवळपास सगळ्यांच्या वाट्याला आलंय. लेखनाचा हक्क लिहिताक्षणी लेखिकेचा असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, हे 1957 च्या कायद्यात आहे. नाशिकच्या मैत्रिणीने मला हक्कभंगाचा फॉर्म कसा भरायचा ते ओळीने सांगितलं, माझ्या भागांच्या तारखा पुरावा म्हणून जोडल्या, व्हिडिओ उतरले. ती हे काम ग्रुपमधल्या प्रत्येकीसाठी करते.

ई-पुस्तक मी ॲमेझॉनच्या किंडलवर काढलं. तिथे एक गोष्ट नवीन लेखिकांनी नीट समजून घ्यावी. भारतातल्या विक्रीवर 70 टक्के रॉयल्टी हवी असेल तर पुस्तक सिलेक्ट योजनेत घालावं लागतं, आणि त्यात आहे तोवर, 90 दिवसांच्या प्रत्येक मुदतीत, तोच मजकूर डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. नमुन्यादाखल दहा टक्क्यांपर्यंत चालतो. नाहीतर 35 टक्के. म्हणजे मालिका ॲपवरून उतरवायला हवी. ज्या बायकांनी ती घडवली, त्यांच्याच हातातून ती काढून घ्यायची, हे मला जड गेलं. मी आधी त्यांना सांगितलं, कारण सांगितलं, पैशाचं गणितही सांगितलं. योजनेत दर मुदतीला पाच दिवस पुस्तक मोफत ठेवता येतं. ते दिवस मी जुन्या वाचकांसाठी ठेवले आणि तारखा आधीच कळवल्या. ज्यांना ॲमेझॉनवर खातं काढता येत नव्हतं त्यांना इतर वाचकांनीच फोनवर शिकवलं. तरीही काहींनी नंतर पैसे देऊनच घेतलं. "फुकट नको ताई, ही आमची कादंबरी आहे."

छापील प्रतीचं काम वेगळंच. अक्षरजुळणीला दिलेल्या युनिकोड फाइलमधून पहिली प्रुफं आली तेव्हा 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालं होतं, 'तंबोऱ्या'चं 'तंबोर्या'. तंबोऱ्याच्या कादंबरीत हे पानापानावर! काही ठिकाणी वेलांटी अक्षर सोडून बाजूला उभी. पान लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची मांडणी चालू केली की जोडाक्षरं आपोआप सावरतात, पण 'ऱ्या' एकेक शोधूनच बदलावे लागले. लॅबमध्ये आकडे तपासायची सवय असल्याने मी प्रुफं उलट्या क्रमाने वाचते, शेवटच्या पानापासून, म्हणजे कथेत वाहून जायला होत नाही. डेमी आकार, 70 जीएसएमचा पिवळसर कागद, आणि रात्री वाचणारीला डोळ्यांना त्रास नको म्हणून टाइप नेहमीपेक्षा एक पॉइंट मोठा. त्यामुळे पानं वाढली, खर्च वाढला, पण यावर मी तडजोड केली नाही.

मुखपृष्ठासाठी तयार फोटोंत आमच्यासारखी दिसणारी माणसं मिळत नाहीत, आणि संगणकाने बनवलेले चेहरे मला नको होते. इथल्याच एका फोटोग्राफर मुलीने चाचांच्या परवानगीने घोडीवर टेकलेल्या बोटांचा फोटो काढला. तोच लावला. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीच्या पोर्टलवर अर्ज करून विनामूल्य मिळतो. एजंट त्याचे पैसे घेतात, ते देऊ नका.

1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या नेमून दिलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. प्रकाशक मीच. ती पाकिटं पोस्टात तोलून देताना मला फार आनंद झाला. रुबिना आणि समीर आता त्या कपाटांत राहतील.

विक्री मुख्यतः आगाऊ नोंदणीवर झाली. दुकानात ठेवायचं तर किमतीच्या 40 टक्क्यांपर्यंत कमिशनात जातात, आमच्या छोट्या आवृत्तीला ते झेपत नाही. पाकिटं भरायला सांगली-मिरजेतल्या काही वाचक माझ्या घरी आल्या. एकमेकींना फक्त कमेंटमधल्या नावांनी ओळखत होत्या. प्रत्येक प्रतीवर वाचकाला हवी असलेली ओळ मी लिहून देत होते, आणि त्या पत्ते लिहिताना वाद घालत होत्या की समीरच्या अम्मीने आधी होकार द्यायला हवा होता की नाही. इचलकरंजीची मैत्रीणही आली होती, कोल्हापूरला लग्नाला जाते असं घरी सांगून. चाचांना प्रत द्यायला आम्ही सगळ्याच मिळून गेलो. त्यांनी चाळली, जवारीचा भाग नातवाकडून मोठ्याने वाचून घेतला आणि एका ठिकाणी थांबवून म्हणाले, "इथे तिने अजून थोडी वाट बघितली असती तरी चाललं असतं." सगळ्या हसल्या आणि लगेच दोन तट पडले.

पुढच्या कथेबद्दल आताच भांडण चालू आहे. रुबिनाच्या धाकट्या बहिणीची कथा लिहा, असा बहुतेकींचा आग्रह आहे. मला मात्र भोपळे पिकवणाऱ्या घरातली मुलगी दिसते आहे, भीमेच्या काठची, वडिलांनंतर शेत स्वतः बघणारी. पंढरपूरच्या एका वाचकाने माहेरच्या शेजाऱ्यांचा नंबर दिला आहे. पुराच्या साली भोपळ्याचं पीक गेलं की ते काय करतात, आणि मिरजेचा व्यापारी बांधावर येऊन भाव कसा ठरवतो, हे त्यांना विचारायला येत्या रविवारी जायचं ठरलंय. ग्रुपमधल्या दोघी बरोबर येणार आहेत.